भूगोलाच्या तासाआधी आमच्या घरी या

बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळांत भूगोल शिकवणाऱ्या सर्व गुरुजींना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

सीमाभागातल्या माणसाला निवेदनं लिहायची सवय फार. तहसीलदार, जिल्हाधिकारी, बेंगळूर, मुंबई, दिल्ली. तीन पिढ्या आपण लिहितोच आहोत. हे पत्र त्या गठ्ठ्यात जायचं नाही. ते मुद्दाम तुम्हाला लिहितोय, कारण मी सांगणार आहे ते करायला कुणाची सही, ठराव किंवा अनुदान लागत नाही. सोमवारी पहिल्या तासाला सुरू करता येईल.

मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या पलीकडे, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. पाचवी ते दहावीची मुलं येतात. खंड किती, महासागर किती, कर्कवृत्त कुठून जातं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. एकदा मी त्यांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, पुस्तक मिटा, मनात जे जग आहे ते काढा. बहुतेकांच्या कागदावर गोवा महाराष्ट्राएवढा निघाला. वर पुणे आणि मुंबई, मग थोडा समुद्र, समुद्रापलीकडे दुबई. बेंगळूर लांब कोपऱ्यात, दिल्ली त्याहून बारीक. एका मुलीने सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर हिमालयाहून उंच काढला. अमेरिका दोघा-तिघांनीच काढली, तीही दुबईला चिकटून. आफ्रिका एकाही कागदावर नव्हती.

हे ऐकून हसू नका. 1980 च्या दशकात थॉमस सारिनन नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांकडून असेच जगाचे नकाशे काढून घेतले होते. बहुतेकांनी युरोप मध्यभागी ठेवला आणि फुगवला, आफ्रिका आक्रसून टाकली. शिकल्यासवरल्या पोरांची ही गत. आमच्या मुलांनी निदान जिथे त्यांची माणसं आहेत ते तरी मोठं काढलं. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी म्हापशाला, पणजीला, वास्कोला कामाला आहे. बेळगावची भाजी आणि दूध रोज पहाटे घाट उतरून गोव्यात जातं. मग गोवा मोठा निघणार नाही तर काय?

माझं म्हणणं एवढंच आहे की खेड्यातल्या माणसाच्या डोक्यात जग कोरं नसतं. त्यात देशांचे रंगीत तुकडे नसतात, रेघा असतात: कोण कुठे गेलं, काय कुठून आलं, पाऊस कुठून चढतो, फोन कधी लावायचा. तुम्ही वर्गात जो नकाशा टांगता तो या रेघांवर पांघरुणासारखा पडतो आणि त्या झाकून जातात. आधी त्या रेघा विचारा, मग तुमचा नकाशा टांगा.

आमच्या वाडीतल्या एका आजींचा नातू मस्कतला आहे. वाडीच्या हिशेबाने तो दुबईलाच, कारण कुवेत, कतार, मस्कत, दम्माम हे सगळं आमच्याकडे दुबईत मोडतं. सून संध्याकाळी फोन हातात घेते तेव्हा आजी म्हणतात, "आत्ताच लावू नगंस गं. तिकडं दिवस अजून बुडला नसंल, कामावर असंल तो." आजींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण सूर्य मस्कतला आपल्यानंतर मावळतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि रेखावृत्ताच्या धड्याचा गाभा याहून वेगळा नाही. आता यावर गणित घाला. बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्वेला, मस्कत साडेअठ्ठावन्नच्या आसपास. फरक सोळा अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याचा फरक तासाहून थोडासा जास्त. पण घड्याळात फरक दीड तासाचा! कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर लावलेलं आणि ओमानचं साठ अंशांवर. मधली पंचवीसेक मिनिटं कुठे गेली, हे नातवंडांनी आजींना समजावून सांगावं. प्रमाणवेळेचा आख्खा धडा एका फोनमध्ये होतो. ज्यांच्या घरी परदेशी कुणी नाही त्यांच्यासाठी क्रिकेट आहेच. न्यूझीलंडची मॅच पहाटे का आणि वेस्ट इंडीजची रात्री का, हा प्रश्न मी विचारला तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी कधी तोंड न उघडणारा मुलगा पुढे येऊन फळ्यावर गोल काढू लागला.

अंतराचंही तसंच. पुस्तकात अंतर किलोमीटरमध्ये असतं, आमच्याकडे ते रात्रींमध्ये आणि रुपयांमध्ये असतं. मुंबई एका रात्रीची. दिल्ली दोन रात्रींची, कारण लोंढ्याला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस मधे दोन रात्री काढूनच निजामुद्दीनला उतरतो. आणि गोव्याच्या विमानतळावरून आखातात तीन-साडेतीन तासांत. म्हणून दुबई दिल्लीपेक्षा जवळ. मुलांनी काढलेला नकाशा मैलांच्या मापाने चुकीचा असेल, प्रवासाच्या मापाने तो बऱ्यापैकी अचूक आहे.

या रेघा आजच्या नाहीत. घाटाखालचा गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत परदेश होता. लोंढ्याच्या पुढचं कॅसलरॉक हे इकडच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. तिथे जकात, तपासणी, आणि डोंगर उतरून कुळ्याला पोचलं की पोर्तुगालचं राज्य. 1888 साली ती रेल्वे सुरू झाली. म्हणजे आमच्या पणजोबांच्या लेखी युरोपची हद्द रानातून चालत जाण्याच्या अंतरावर होती. नात्यागोत्यातली लग्नं, देवदेवस्की, मिठाचा व्यापार, सगळं त्या हद्दीवरून ये-जा करायचं. आज पोर्तुगाल कुठे आहे असं विचारलं की मुलं युरोपात बोट ठेवतात आणि ते बरोबरही आहे. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ते बोट चोर्ल्याच्या घाटापलीकडेही ठेवता आलं असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुसरी रेघ पलटणीची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या, 1915-16 मध्ये कूतच्या वेढ्यात अडकल्या. दुसऱ्या महायुद्धात 1941 साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर, नंतर इटलीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुन्या घरांत अजून 'बसऱ्याला गेलेला' कुणीतरी पूर्वज असतो. बसरा कुठे हे घरात कुणाला ठाऊक नसतं, पण तो गेला हे ठाऊक असतं. तैग्रिस, युफ्रेटिस या नद्या आपण इतिहासाच्या पहिल्या धड्यात संस्कृतीच्या पाळण्यात झोपवून ठेवतो. त्याच नद्यांच्या काठी आपल्या घरातलं माणूस पुरलंय, हे कळल्यावर पोर इराकचा नकाशा वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

आणि सर्वांत जुना जगाचा नकाशा तर दर सत्यनारायणाला घरात वाचला जातो. भटजी संकल्प सोडतात: जंबुद्वीपे, भरतवर्षे, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, अमुक नदीच्या अमुक तीरे. पृथ्वीच्या पाठीवरचं द्वीप, द्वीपातलं वर्ष, वर्षातलं खंड, मग अरण्य, नदी आणि शेवटी हे घर. जगाच्या टोकापासून पाटावर बसलेल्या यजमानापर्यंतचा पूर्ण पत्ता. आमच्या भागातले भटजी सवयीने 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात. दारातून मलप्रभा वाहते, ती बिचारी नावातही येत नाही. मेरू आणि सात समुद्र खरे मानावेत असं मी म्हणत नाही. भास्कराचार्यांनी 1150 सालीच सिद्धान्तशिरोमणीत सांगून ठेवलंय की पृथ्वी गोल आहे, कशावर टेकलेली नाही. टेकू मानला तर टेकूला टेकू, त्याला आणखी टेकू, याला अंत नाही. आणि गोलाचा लहानसा भागच आपल्याला दिसतो म्हणून ती सपाट वाटते. हे भास्कराचार्य कुठले? ते स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड सांगतात. कुणी म्हणतं ते विजापूर, कुणी म्हणतं चाळीसगावजवळचं पाटण. घ्या! तिथेही सीमाप्रश्न.

आता त्या कागदावर नसलेल्या आफ्रिकेकडे येतो.

चंदगडकडे आणि आमच्या तालुक्यातही बायका काजूच्या कारखान्यात कामाला जातात. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडतात, साल निघते. आपल्या रानातली काजू हंगामापुरती पुरते. कारखाने पुढे चालू राहतात ते बाहेरून येणाऱ्या कच्च्या काजूवर, आणि भारतात येणारा कच्चा काजू मुख्यतः आफ्रिकेतून येतो: आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया. ज्या मुलाने आफ्रिका काढली नाही त्याच्या आईच्या बोटांना आफ्रिकेचा डाग आहे. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगिजांनी इकडे आणलं आणि आफ्रिकेतही नेलं. मिरची अमेरिकेची, त्याच वाटेने आलेली. संकेश्वरी मिरची संकेश्वरची झाली ती नंतर. रताळी, बटाटा, भुईमूग, निपाणीची तंबाखू हे सगळं अटलांटिकच्या पलीकडचं. चिकोडी-अथणीच्या उसाचे पूर्वज न्यू गिनी बेटावरचे, आणि त्याच उसाला घातलेला पोटॅश जवळजवळ सगळा आयात केलेला, त्यातला बराच कॅनडा आणि रशियाकडचा. 2022 साली युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा बातम्या लागायच्या आत सूर्यफुलाच्या तेलाचा भाव वाडीत पोचला होता. दुकानदाराने एका वाक्यात काळा समुद्र शिकवला. हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत एअरबसच्या विमानांचे सुटे भाग घडतात. तिथे यंत्रावर उभी राहणारी पोरं अजून विमानात बसलेली नाहीत, पण पंखातल्या कुठल्या भागात आपला तुकडा बसतो ते बोटाने दाखवतात.

आणि पाऊस. कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. तिथून पूर्वेला बेळगावात येईपर्यंत तो चौथ्या हिश्श्यावर येतो आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीत पाच-सहाशेवर. एका जिल्ह्यात एवढी तफावत असताना पर्जन्यछायेचं उदाहरण शोधायला लांब जाण्याचं कारण काय, मला कळत नाही. जुनी माणसं मिरगाच्या पावसाची वाट बघताना मावळतीकडे तोंड करून उभी राहतात. त्यांना वारा कुठून येणार ते माहीत आहे. त्याच्या पलीकडचं तुम्ही सांगायचं. हा वारा दक्षिण गोलार्धात, मादागास्कर-मॉरिशसच्या बाजूच्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून निघतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडे वळतो, अरबी समुद्रावरून पाणी उचलत येतो आणि आमच्या डोंगरावर आपटतो. छपरावर वाजणारा पाऊस आफ्रिकेला वळसा घालून आलाय. हे ऐकल्यावर माझ्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारलं, "मग तिकडं बी पाऊस पडतोय काय?" जूनमध्ये सोमालियाच्या ईशान्य किनाऱ्यावर फारसा पडत नाही. वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, तळातलं थंड पाणी वर येतं, आणि ढग धरत नाहीत. वारा तोच, इकडे महापूर आणि तिकडे कोरड. हा प्रश्न मला कुठल्याच गाइडमध्ये सापडला नव्हता.

पडलेलं पाणी पुढे कुठे जातं, हीसुद्धा आमच्याकडची चैन. मलप्रभा कणकुंबीला उगवते, खानापूरवरून, सौंदत्तीच्या धरणातून, पट्टदकल-ऐहोळे करत कूडलसंगमला कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. त्याच पठारावरचे कळसा, हलतरा हे नाले उलटे वळून म्हादईला मिळतात आणि पणजीला मांडवी होऊन अरबी समुद्रात. गावातली पोरं रानात गुरं घेऊन जातात ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. जलविभाजकावरून दिवसातून दोनदा चालतात. त्याच पोराच्या उत्तरपत्रिकेत 'जलविभाजक म्हणजे काय' पुढे कोरी जागा असते. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निकाल दिला, कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं, त्यावर अजून भांडण चालू आहे. वर्गात हा विषय निघाला की तुम्ही तो टाळता, मला ठाऊक आहे. कुणी ना कुणी दुखावतं.

टाळण्याचं कारणही समजतं. आमच्याकडे नकाशा म्हटला की पहिल्यांदा भांडण आठवतं. 1 नोव्हेंबर 1956 ला एक रेघ ओढली गेली, चंदगड त्या बाजूला आणि खानापूर या बाजूला राहिलं, मग 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा. या रेघेबद्दल माझी मतं आहेत आणि ती माझ्या गावातल्या कुणाहून वेगळी नाहीत. पण सत्तर वर्षं एकाच रेघेकडे टक लावून बघताना बाकीचं जग आपल्या नजरेतून निसटलं, असं मला वाटतं. आमचा मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत सीमाप्रश्नावर बोलू शकतो, कळसा नाला कुठल्या समुद्राला जातो ते सांगू शकत नाही. हा दोष मुलाचा नाही, आणि पुस्तक भाषांतरित आहे म्हणून सगळं खापर त्यावर फोडण्यातही अर्थ नाही. पुस्तक कुणीही लिहिलं तरी कणकुंबी त्यात येणार नाही. ती तुम्हीच आणायची.

गावाचा नकाशा सर्वगुणसंपन्न आहे, असं मात्र कुणी समजू नये. त्यात मोठमोठी भोकं आहेत. जिथे आपलं कुणी गेलं नाही ती जागा नसल्यात जमा. आखातातून आलेला माणूस तिथल्या बांगलादेशी, फिलिपिनो, सुदानी सोबत्यांबद्दल काय बोलतो ते ऐकलं की लाज वाटते. त्यांच्या देशांबद्दल त्याला त्यांच्या पगारापलीकडे काही माहीत नसतं. पुरुषांचा नकाशा आणि बायकांचा नकाशाही वेगळा. त्याच्यात पलटण, आखात, बोटीवरची नोकरी. तिच्यात माहेर, सौंदत्ती, पंढरपूर, गोव्यातली घरकामं. मोबाइलवर आता पृथ्वी सपाट असल्याचे व्हिडिओ येतात, तेही फिरतात. आणि मोबाइलमधला सपाट नकाशा मर्केटरने 1569 साली खलाशांसाठी आखलेल्या पद्धतीवर बेतलेला. त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखी दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी. मुलांच्या कागदावर आफ्रिका नव्हती, मोबाइलवर ती आकसलेली. पृथ्वीचा गोल जवळपास प्रत्येक शाळेत असतो, कपाटात, कुलपात, फुटेल म्हणून. फुटू दे की. तो मुलांच्या हातात द्या आणि ग्रीनलंड कागदावर गिरवून, कापून आफ्रिकेवर ठेवायला सांगा.

मागणं फार नाही. वर्षाच्या सुरुवातीला एक तास नकाशा न टांगता घ्या. मुलांना घरी पाठवा आणि विचारायला लावा: आपल्यातलं कोण कुठे गेलं, कसं गेलं, किती रात्री लागल्या, तिकडे आता किती वाजले असतील. घरातल्या पिशव्यांवर, पोत्यांवर, औषधांच्या खोक्यांवर कुठल्या देशाचं नाव छापलंय ते लिहून आणायला सांगा. मग भिंतीवर नकाशा लावा आणि सुतळीने एकेक गाव जोडा. आयव्हरी कोस्टपर्यंत सुतळी नेणाऱ्या मुलीला आयव्हरी कोस्ट पाठ करावं लागत नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही शाळा जिथे एका आवारात आहेत तिथे ही सुतळी एकाच नकाशावर बांधा. दोन्हीकडच्या मुलांचे मामा त्याच मस्कतला असतात.

आणि पावसाळा ओसरला की सहल गोव्याच्या बीचवर नेण्याआधी वाटेत कणकुंबीला उतरा. माउलीच्या देवळाजवळून मलप्रभेचा उगम बघता येतो, तिथून थोडं चालत गेलं की पश्चिमेकडे वळलेलं पाणी. खानापूरहून आणि बेळगावहून येणाऱ्यांनी जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणारी गाडी धरावी. रानातून हिंडताना वाट दाखवायला गावातले दोन गुराखी येतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. पाय भरपूर चालतील असे जोडे घालून या, जळवा असतात, मीठ बरोबर ठेवा. नाचण्याची भाकरी आणि झुणक्याची सोय आम्ही करतो. किती मुलं येणार ते दोन दिवस आधी कळवा म्हणजे झालं.

आपला,
खानापूरच्या पश्चिम भागातला एक अभ्यासिकावाला